झोंबी आणि झॉम्बी

वाचनाची आवड असलेल्या माणसाने नोकरी धरताना पगार पाहू नये, काम किती आहे ते पाहावे, असे माझे जुने मत आहे. पुष्कळांना वाटते, अशा माणसाला ग्रंथपालाची नोकरी उत्तम. साफ चूक. ग्रंथपालाकडे लोक पुस्तके मागायला येतात. पुस्तकाच्या ऐन रंगात आलेल्या प्रकरणावर बोट ठेवून दुसऱ्याला दुसरे पुस्तक शोधून देणे यासारखी शिक्षा नाही. शाळामास्तराची नोकरी वरून बरी दिसते, पण वर्गात चाळीस पोरे असतात आणि मास्तर वाचताहेत म्हटले की ती चाळीसच्या चाळीस जागी होतात. माझ्या मते वाचणाऱ्या माणसासाठी देवाने एकच नोकरी निर्माण केली, ती म्हणजे विजेच्या उपकेंद्रातल्या ऑपरेटरची. आणि त्यातही रात्री बारा ते सकाळी आठ ही पाळी.

माझी सारी हयात या नोकरीत गेली, आणि तीही जालना जिल्ह्यात. 'जालना सोने का पालना' अशी आमच्याकडे एक जुनी म्हण आहे. जालन्यात सळयांचे कारखाने आहेत, बियाणांच्या कंपन्या आहेत, मोसंबीच्या बागा आहेत, त्यामुळे सोने कुणाच्या तरी वाट्याला येत असणार. माझ्या वाट्याला नुसता पाळणा आला. घनसावंगी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी रात्रीमागून रात्री लाकडी खुर्चीत मागे-पुढे झुलत काढल्या.

उपकेंद्र म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एका बाजूने तेहतीस हजार व्होल्टची वीज येते आणि दुसऱ्या बाजूने अकरा हजारांची होऊन गावोगाव जाते. मधे ट्रान्सफॉर्मर घूं घूं करत बसलेला असतो आणि त्याच्या शेजारच्या खोलीत ऑपरेटर बसलेला असतो. दोघांत फरक एवढाच की ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची अधूनमधून तपासणी होते. ऑपरेटरने दर तासाला उठायचे, पॅनेलसमोर उभे राहायचे, प्रत्येक फीडरच्या तिन्ही फेजचे अँपिअर पाहायचे, व्होल्ट पाहायचे आणि लॉगशीटवर लिहायचे. याला आमच्या भाषेत 'रीडिंग घेणे' म्हणतात. हे काम पाच मिनिटांचे. उरलेल्या पंचावन्न मिनिटांत मी जे करत असे, त्यालाही इंग्रजीत रीडिंगच म्हणतात. पुढे जो घोटाळा झाला त्याचे मूळ या एका शब्दात आहे, म्हणून तो आधीच सांगून ठेवला.

सुरुवातीला मी बाबुराव अर्णाळकर वाचून काढले. झुंजार आणि काळा पहाड यांच्या संगतीत कित्येक पाळ्या निघून गेल्या. मग नारायण धारप हाती लागले, आणि मी कायमचा भयकथांचा झालो. मध्यरात्री एकटे बसून धारप वाचण्यात एक वेगळीच मजा असते. बाहेर कुत्रे रडते, ट्रान्सफॉर्मरचा सूर जरा बदलतो, पाल चुकचुकते, आणि आपण पान उलटायचे की नाही याचा विचार करतो. त्यांच्या कथांत 'समर्थ' नावाचे एक सद्गृहस्थ संकटात धावून येतात, याचा मला फार आधार वाटे. कारण खऱ्या समर्थांचे जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यात. म्हणजे वेळ आलीच, तर येण्या-जाण्याचा खर्चसुद्धा फारसा नव्हता.

खरे सांगायचे तर आपल्या मराठी भुतांची मला कधी खोलवर भीती वाटलीच नाही. कारण आपले भूत हे मूलतः व्यवस्थित भूत असते. त्याला पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, वेताळ गावाच्या वेशीबाहेर, चकवा रानात, समंध वाड्याच्या अंधाऱ्या खोलीत. त्याला ओळख असते. गावातले म्हातारे नुसते पैंजण ऐकून सांगतील की ही अमक्याची दुसरी बायको. आणि मुख्य म्हणजे त्याचे काहीतरी म्हणणे असते. कुणाची मुंज झाली आणि लग्न राहिले, कुणाचा हंडा पुरलेला राहिला, कुणाचे लेकरू राहिले. आपले भूत म्हणजे एक प्रलंबित प्रकरण आहे. त्याचा निकाल लावा, ते निघून जाते. निकाल लावता येत नसेल तर तिकटीवर दहीभाताचा उतारा ठेवा, म्हणजे पुढची तारीख मिळते. सरकारी खात्याशी ज्याचा आयुष्यभर संबंध आला, त्याला अशा भुतांची भीती वाटायचे कारण नाही.

पण २०१६ च्या दिवाळीत पुण्याहून माझा भाचा आला. हा कॉम्प्युटरमधला. त्याने बॅगेतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवले.

"मामा, तुम्हाला भुताखेतांचं आवडतं ना? हे वाचा. झॉम्बीवरची कादंबरी आहे. एकदम रिअलिस्टिक."

"वाचलीय रे," मी म्हणालो. "आनंद यादवांची. १९८७ ची. साहित्य अकादमीसुद्धा मिळाली होती तिला, १९९० साली."

भाचा गोंधळला. "त्यात मेलेली माणसं उठतात?"

"नाही. जिवंत माणसं उठतात. पहाटे. मळ्यात राबायला."

बराच वेळ आम्ही एकमेकांकडे दोन वेगवेगळ्या पुस्तकांच्या पलीकडून पाहत होतो. शेवटी सौ. आतून म्हणाली, "अहो, तो 'झॉ' म्हणतोय, तुम्ही 'झों' म्हणताय." तिने चकलीचा घाणा सोडून हे सांगितले, यावरून घोटाळा किती वेळ चालला असेल याची कल्पना येईल.

ते पुस्तक होते मॅक्स ब्रुक्स या अमेरिकन लेखकाचे 'वर्ल्ड वॉर झेड', २००६ साली आलेले. पुढे २०१३ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. लेखकाचे वडील मेल ब्रुक्स हे विनोदी चित्रपट काढणारे मोठे गृहस्थ. बापाने जन्मभर लोकांना हसवले आणि पोराने पिढीजात धंदा सोडून लोकांना घाबरवण्याचे दुकान टाकले. आपल्याकडे याला 'मुलाने नाव काढले' म्हणतात की 'घालवले', हे मुलाच्या कमाईवर ठरते.

आता झॉम्बी म्हणजे काय? हा शब्द आला हैतीकडून. पण हल्लीचा जो चावरा झॉम्बी आहे त्याचा धंदा बसवून दिला तो जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या एका चित्रपटाने. झॉम्बी म्हणजे मेलेला माणूस, पण चालणारा. त्याला झोप नाही, विचार नाही, वेदना नाही. तो हळूहळू पाय ओढत येतो, आणि ज्याला चावतो तोही झॉम्बी होतो. आता हे भूत आपल्या रीतीत बसवून पाहा. त्याला पत्ता नाही. नाव नाही. त्याचे काही म्हणणे नाही, काही इच्छा राहिलेली नाही. दहीभात तो खात नाही. भीमरूपी त्याला कळत नाही, कारण त्याला मराठीच काय, इंग्रजीही कळत नाही. ज्याचे काही म्हणणेच नाही त्याच्या प्रकरणाचा निकाल कसा लावणार? मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली.

त्यात मेलेली माणसे उठायचीच ठरली, तर आमच्या जिल्ह्यात साठा कमी नाही. भोकरदनच्या पलीकडे असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे इंग्रजांची मराठ्यांच्या फौजांशी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवले. दोन्ही बाजूंची मिळून हजारो माणसे त्या एका दिवसात जखमी झाली, नाही तर कायमची पडली. ही सगळी उठून घनसावंगीकडे चालू लागली तर किती दिवसांत पोचतील, याचा हिशेब मी एका रात्री लॉगशीटच्या पाठीमागे केला होता.

पुस्तक मी २०१७ च्या जानेवारीत वाचायला घेतले. माझे इंग्रजी म्हणजे एका मांडीवर पुस्तक, दुसऱ्या मांडीवर डिक्शनरी आणि मधे मी. तरीही पुस्तकाने मला धरून ठेवले. भाचा म्हणाला होता तेच खरे, ते फार रिअलिस्टिक होते. त्यात अंधारा वाडा नाही, स्मशान नाही, अमावास्या नाही. युद्ध संपून गेलेले आहे, आणि एक माणूस जगभर हिंडून वाचलेल्यांना विचारतो आहे, बाबा, तुझ्याकडे काय झाले? डॉक्टर सांगतो, शिपाई सांगतो, पुढारी सांगतो. आपल्या गुजरातेतले अलंग, जिथे जुनी जहाजे फोडतात, तेही त्यात आहे. किनाऱ्यावर जमलेली माणसे जीव वाचवायला जहाजांकडे पोहत निघतात. अलंग वाचल्यावर मी उठून गेटचे कुलूप पाहून आलो. तोपर्यंत संकट अमेरिकेत होते, आता ते आमच्या शेजारच्या राज्यात आले होते.

पण मला सर्वांत जास्त भीती वाटली ती झॉम्बींची नाही, कागदांची. त्या कादंबरीत पहिला रोगी एका चिनी खेड्यात सापडतो. खबर वर जाते आणि तिथेच दाबली जाते. जगातले इतर शहाणे देश अहवाल वाचतात आणि बाजूला ठेवतात. कुणीतरी रोगावर लस म्हणून भलतेच काहीतरी विकतो. तिचा त्या रोगाशी संबंध नसतो, पण लोकांना स्वस्थ झोप लागते. ज्याच्याकडे खबर पहिल्यांदा येते तो प्रत्येक माणूस म्हणतो, 'नसेल काही.' हे वाचताना मी मान डोलावत होतो. अगदी असेच असते, मी स्वतःशी म्हणत होतो. या खुर्च्यांवर बसलेली माणसे अशीच असतात! आपणही एका खुर्चीवरच बसलेलो आहोत, हे त्या वेळी लक्षात आले नाही.

त्या रात्रीची हकीकत सांगण्याआधी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. शेतीच्या पंपांना आमच्याकडे चक्राकार पद्धतीने वीज मिळे. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्या आठवड्यात आमच्या एका शेती फीडरची रात्रपाळी होती. २०१२-१३ च्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या होत्या, मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या होत्या. तेव्हा फीडर चालू असला काय आणि बंद असला काय. पण २०१६ चा पावसाळा चांगला झाला होता. विहिरींना पाणी होते, गहू उभा होता, हरभरा होता, कालव्याच्या बाजूला ऊस होता. म्हणजे फीडर चालू झाला की सगळा शिवार रात्री जागा. अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर, हातात बॅटरी आणि खोरे. गुडघाभर गार पाण्यात उभे राहून बारे द्यायचे. सापाला पाय लागू नये म्हणून आधी पायाचा आवाज करायचा. हे मला सगळे माहीत होते. मीटरवरचा आकडा चढला की मी ओळखत असे, चला, मंडळी लागली कामाला. आणि पुस्तक उघडत असे.

एक वाजताचे रीडिंग मी नीट घेतले. मग याँकर्सचे प्रकरण सुरू झाले. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्सला अमेरिकेची फौज साऱ्या लवाजम्यानिशी, टीव्हीवाल्यांसकट, झॉम्बींना अडवायला उभी राहते, आणि तिची दाणादाण उडते. मी ऐन रणधुमाळीत असताना, पावणेदोनच्या सुमाराला, मोबाइल वाजला.

"साहेब, मोटार नुसती गुरगुरू राहिली. एक फेज गेला वाटतं."

आता एक फेज जाणे ही आमच्याकडे रोजची बाब. दहातल्या नऊ वेळा डीपीवरचा फ्यूज गेलेला असतो. तोंडातला घास खाली न ठेवता देता येईल असे त्याचे उत्तर माझ्याजवळ तयार होते.

"फ्यूज गेला असेल. सकाळी लाइनमनला पाठवतो," मी म्हणालो. म्हणजे मराठीत 'नसेल काही' म्हणालो. आणि पुन्हा व्यत्यय नको म्हणून मोबाइलचा आवाज बंद करून तो टेबलाच्या खणात टाकला.

दोन वाजले. उठायचा कंटाळा आला. फौज मागे हटत होती. मी एक वाजताचे आकडे पाहिले, ८४, ८२, ८५. तासाभरात काय बदलणार आहे? बसल्या जागी मी दोन वाजताच्या रकान्यात लिहिले, ८४, ८२, ८५. आणि पान उलटले.

अडीचच्या आसपास कुत्री भुंकायला लागली. एक भुंकले, मग तीन-चार, मग एकदम गप्प झाली. कुत्री भुंकतात त्याची भीती नसते, गप्प होतात त्याची असते, हे धारपांनी मला शिकवले होते. मी खिडकीतून पाहिले. धुके होते. आवारातल्या दिव्याचा पिवळा उजेड कुंपणापर्यंत जाऊन संपत होता. त्याच्या पलीकडे, शिवारातून येणाऱ्या वाटेवर, माणसे चालत येत होती.

पाच-सहा असावीत. एका ओळीत. डोक्यापासून काहीतरी पांघरलेली. पाय ओढत, ठेचकाळत, न बोलता. तोंडे दिसत नव्हती. सरळ उपकेंद्राकडे.

मी काय केले ते सांगायला लाज वाटते, पण लेख लिहायला घेतला आहे तेव्हा सांगतोच. मी दिवा मालवला, खोलीला आतून कडी लावली, टेबल सरकवून दारामागे लावले आणि भीमरूपी म्हणायला लागलो. या भुतांना ते कळत नाही हे ठाऊक असूनही म्हणायला लागलो. मधेच चुकलो, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. तोवर गेट खडखडायला लागले.

"साहेब! ओ साहेब! झोपले का काय?"

माझा जीव भांड्यात पडला. जगातल्या कुठल्याही भाषेतले भूत ऑपरेटरला 'साहेब' म्हणत नाही.

"काय पाहिजे?" मी अंधारातूनच आवाज चढवला. घाबरलेल्या माणसाचा आवाज नेहमी साहेबासारखा निघतो.

"फिडर बंद करा आधी! तार पडली वाटंवर! फोन काहून उचलंना तुमी?"

टेबल ओढून, दिवा लावून मी पॅनेलपाशी गेलो. हँडल फिरवले. ब्रेकर धाडकन पडला आणि शिवारातला तो सगळा लांबवरचा घूं घूं एकदम थांबला. या कामाला दोन सेकंद लागले. त्याआधी सात-आठ मिनिटे मी भीमरूपी म्हणत होतो, आणि त्याआधी पाऊण तास फौज मागे घेत होतो.

झाले होते ते असे. अकरा हजारांच्या लाइनची एक तार तुटून पाऊलवाटेवर पडली होती, खडकाळ बांधावर. तार ओल्या जमिनीत पडली तर विद्युतप्रवाह जमिनीत जोरात जातो आणि ब्रेकर आपोआप पडतो. कोरड्या दगडांवर पडली तर इतका थोडा जातो की आमच्या यंत्राला पत्ताच लागत नाही. तार निमूट पडून राहते, जिवंत. ती ओळखायची एकच खूण असते, ती म्हणजे मीटरवर त्या फेजचा आकडा उतरतो. म्हणजे दोन वाजता मी खुर्चीतून उठलो असतो, तर ८५ च्या जागी पन्नास-साठ काहीतरी दिसले असते, आणि शेंबड्या पोरानेही विचारले असते, की हे काय?

त्या रात्री मी रीडिंगच करत होतो. फक्त मीटरचे सोडून.

आलेली माणसे मी मोजली. सहा. "सगळे आलात ना? तिकडे कोण नाही ना?" मी विचारले.

"तात्या हायेत तिथं," एक पोरगा म्हणाला. "अंधारात कुणी वाटंनं आलं तर? म्हनून बॅटरी घेऊन हुभे राहिले. पावणेदोनपासून."

लाइनमन आला, परमिट घेतले, लाइन अर्थ केली, तार ओढून जोडली. पाच वाजता फीडर पुन्हा चालू झाला. पण मंडळींची रात्र गेलीच होती.

बाकीचे तपशील लवकर सांगून टाकतो. पहाटे मी लॉगशीट समोर घेतले. खाडाखोड करू नये असा दंडक आहे, आणि नोकरीभर मी तो पाळला होता. त्या दिवशी दोन वाजताच्या तिन्ही आकड्यांवर रेघ मारली आणि लिहिले, 'दोनचे रीडिंग घेतले नाही.' महिन्याभराने वरून कागद आला की, याचा खुलासा करावा. मी खरे तेच लिहिले, 'सदर वेळी मी रीडिंगमध्ये मग्न होतो.' पुन्हा महिन्याभराने उत्तर आले, 'रीडिंगमध्ये मग्न असल्यामुळे रीडिंग घेता आले नाही, हा खुलासा समाधानकारक वाटल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.' खबर वर जाता जाता तिचा अर्थ कसा बदलतो, हे मी कादंबरीत वाचले होते. त्याचा फायदाही होतो, हे मात्र त्यात नव्हते.

सौ.ला मी सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते पुस्तक दिवसा वाचा. रात्री त्या लोकांचं वाचा, मीटरवरचं." लग्नाला तीस वर्षे झाल्यावर बायको रागावली आहे की नाही हे आवाजावरून कळत नाही, वाक्याच्या लांबीवरून कळते. हे वाक्य लहान होते.

आता मी निवृत्त आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना निघाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा अवतार आला. माळामाळांवर पॅनेल चमकायला लागली आहेत. जिथे दिवसाची वीज पोचली तिथली माणसे रात्री झोपतात, आणि तिथला रात्रपाळीचा ऑपरेटर सुखाने काय हवे ते वाचत असेल. जिथे पोचायची आहे तिथे अजून कुणीतरी बाऱ्यावर उभा असणार.

पण ती सकाळ मला अजून आठवते. साडेसहाला तात्या आले. वय सत्तरीचे, डोळे लालभडक, धोतर गुडघ्यापर्यंत ओले होऊन तसेच वाळलेले. रात्रभर एका जागी उभे राहून पाय आखडले होते, त्यामुळे ते पाय ओढत आत आले. मी स्टोव्हवर चहा टाकला. माफी कशी मागावी ते कळेना, म्हणून साखर जास्त टाकली. तात्यांनी बशी तोंडाला लावली आणि त्यांची नजर टेबलावरच्या पुस्तकाकडे गेली.

"काय वाचता हो साहेब येवढं रात-रात?"

मी सांगितले. म्हटले, गोष्ट आहे. मेलेली माणसे रात्री चालत येतात. त्यांना झोप नाही, विचार नाही, थंडी-वारा कळत नाही. नुसती पाय ओढत चालत राहतात.

तात्यांनी चहा संपवला. मिशा पुसल्या.

"मंग त्यात काय इशेष? आमचंच लिव्हलंय की. आमी चावत नाही, येवढाच फरक."

मी गप्प बसलो. तात्या चावले असते तरी मी तक्रार केली नसती. आणि मला उमगले की माझा हिशेब सुरुवातीपासून चुकला होता. रात्री जे चालत आले ते अमेरिकन जातीचे नव्हतेच. त्यांना पत्ता होता, नाव होते, आणि एक राहिलेली इच्छा होती. फार मोठी नव्हती. अगदी आपल्यातले प्रलंबित प्रकरण.

"आन् मंग शेवटी काय होतं?" तात्यांनी विचारले.

शेवट मी आधीच चोरून पाहिला होता. "माणसं जिंकतात," मी म्हणालो. "एक ओळ धरून, सावकाश, एकेक गाव सोडवत पुढं सरकतात. वर्षं लागतात, पण जिंकतात."

तात्या थोडा वेळ विचार करत राहिले. मग उठता उठता, गुडघ्यावर हात ठेवून, त्यांनी विचारले,

"त्यायला लाइट दिवसा असती का राती?"